सीओटू मशीन घेताय? रेग्युलेटर शेवटी निवडा, पण घाईत उरकू नका



वेल्डिंगच्या धंद्यावर बोललो की प्रश्न ठरलेले असतात. मशीन कितीची घेऊ? दोनशे अँपिअर पुरेल का? घरच्या सिंगल फेजवर चालेल का? सगळे प्रश्न मशीनचे. रेग्युलेटरबद्दल क्वचितच कोणी विचारतं. मीच विषय काढला तर उत्तर येतं, "सर, तो तर मशीनवाला सोबत देतोच ना!"

देतो ना. तिथेच तर घोळ होतो.

घाटकोपरला असल्फ्याच्या बाजूला एका मुलाचा छोटा गाळा आहे. हाताला चांगला. त्याला एका सोसायटीच्या खिडक्यांच्या ग्रिलचं काम मिळालं. धंदा सुरू केल्यापासूनची त्याची पहिली मोठी ऑर्डर. सकाळचे टाके एकदम साफ. अकरा वाजले की टाक्यात बारीक बारीक भोकं पडायला लागायची. त्याने वायरचा रोल बदलला. मग व्होल्टेज खाली-वर होतंय म्हणून स्टॅबिलायझर आणला. मग मशीनवाल्याशी भांडला. शेवटी मला फोन केला, "दादा, मशीन फसवी निघाली."

मी गेलो तर मशीन बरोबर होती. सिलिंडरवरच्या रेग्युलेटरवर पांढरं धुकं साचलं होतं, हात लावला तर बर्फासारखा गार. गॅस आतल्या आत अडकत होता आणि उघड्या हवेत वेल्डिंग चाललं होतं. मशीनसोबत आलेला साधा रेग्युलेटर, हीटर नाही, गॅस किती वाहतोय हे दाखवणारी नळी नाही. नऊ ग्रिलचे टाके त्याला ग्राइंडरने काढून परत मारावे लागले. डिस्क गेल्या, वायर गेली, दोन रात्री गेल्या, आणि पार्टीने पेमेंट महिनाभर लांबवलं ते वेगळंच.

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. रेग्युलेटर ही मशीनसोबत येणारी फुकटची वस्तू नाही. तुमच्या गॅसचा, म्हणजे तुमच्या पैशांचा, तो नळ आहे. तो सगळ्यात शेवटी निवडायचा, पण नीट निवडायचा.

शेवटी का?

कारण रेग्युलेटर गॅसवर ठरतो, गॅस धातूवर ठरतो आणि धातू गिऱ्हाईक ठरवतं. आपण नेमकं उलटं करतो. आधी ऑफरमध्ये मशीन घेतो, मग सिलिंडर शोधतो, मग "आता काम काय करायचं?" म्हणून मला मेसेज करतो.

आधी स्वतःला विचारा, माझं गिऱ्हाईक कोण?

ग्रिल, सेफ्टी डोअर, गेट, स्टूल, रॅक, मंडपाचे सांगाडे, गणपतीच्या मखराच्या फ्रेम हे सगळं साधं लोखंड, म्हणजे एमएस. त्याला शुद्ध सीओटू चालतो. आपल्याकडे या कामाला "सीओटू वेल्डिंग" म्हणतात ते त्यामुळेच. एमआयजी पद्धत १९४८ साली अमेरिकेत आली तेव्हा आर्गॉन-हेलियमसारखे महाग गॅस लागायचे. १९५३ च्या सुमारास सीओटू वापरायची युक्ती निघाली आणि साध्या लोखंडाचं काम स्वस्त झालं. आज साकीनाक्याच्या गल्लीतला फॅब्रिकेटर जगतोय तो या स्वस्त गॅसवर.

शिंतोडे कमी हवेत, टाका गुळगुळीत हवा, पातळ पत्र्याचं फर्निचर बनवायचंय, तर आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण घ्या. गॅस महाग, पण ग्राइंडिंग कमी.

वडापावची, ज्यूसची स्टीलची गाडी बनवायची? स्टेनलेस स्टीलला शुद्ध सीओटू लावू नका. तिथे जवळपास सगळा आर्गॉन आणि त्यात किंचित सीओटू असं मिश्रण लागतं. ॲल्युमिनियमला शुद्ध आर्गॉन.

आणि ज्यांचं बहुतेक काम साइटवर, गच्चीवर, उघड्या वाऱ्यात आहे त्यांनी गॅसचा विचारच आधी करू नये. गॅस वाऱ्याने उडून जातो. गॅसलेस वायरने सुरुवात करा. फक्त मशीनची पोलॅरिटी बदलायला विसरू नका. साध्या वायरला टॉर्च प्लसला, गॅसलेसला बहुतेक वेळा मायनसला. वायर महाग आहे, धूर जास्त आहे, पण सिलिंडर, रेग्युलेटर, डिपॉझिट सगळं वाचतं. मला विचाराल तर पहिल्या दोन महिन्यांच्या शिकाऊ कामाला हेच बरं.

गॅस ठरला. आता सिलिंडर बघा, मग दुकानात जा

नागदेवी स्ट्रीटला गेलात की रेग्युलेटर ढिगाने दिसतील. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी तुमच्या भागातल्या गॅस सप्लायरकडे जा. तो कोणता सिलिंडर देणार, भाड्याने की डिपॉझिटवर, किती किलोचा, ते ठरवा. मग त्या सिलिंडरच्या वॉल्व्हचा फोटो काढा.

का? कारण सीओटूच्या वॉल्व्हचे आटे वेगळे आणि आर्गॉनचे वेगळे. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला सरळ बसत नाही, आणि बसू नये म्हणूनच तसं केलंय. "अडॅप्टर लावून देतो" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, हा रेग्युलेटर या गॅससाठी बनलाय का? आणि ऑक्सिजनचं सामान कधीही इकडचं तिकडे करू नका. गॅस कटिंगचा जुना ऑक्सिजन रेग्युलेटर पडलाय म्हणून सीओटूला लावायचा आणि परत ऑक्सिजनला लावायचा, हा खेळ जिवावर बेततो. आत तेलाचा, ग्रीसचा अंश गेला आणि वर ऑक्सिजनचा दाब आला की आग लागायला ठिणगीचीही गरज नाही.

सिलिंडरबद्दलही एक गोष्ट. आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत, आणि ते बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडरवर टेस्टची तारीख ठोकलेली असते. ती बघून घ्या. भंगारातून "मस्त बाटला मिळाला" म्हणून उचलू नका. आगीचा जुना लाल सीओटू सिलिंडर तर नकोच. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यातून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. रेग्युलेटरची वाट लागते आणि कधी हाताचीही.

मग कोणता घ्यायचा?

शुद्ध सीओटूवर धंदा करणार असाल तर माझं उत्तर एकच. हीटरवाला, आणि लिटर दाखवणारी उभी काचनळी असलेला.

हीटर का? सीओटू सिलिंडरमध्ये द्रव रूपात असतो. दाब साधारण ६० ते ७० बार. तिथून तो एकदम खाली उतरतो आणि पसरताना स्वतःच थंड होतो. डिओडरंट फवारल्यावर डबा गार लागतो ना, तसंच, पण कितीतरी पट जास्त. सलग काम केलं की रेग्युलेटर गोठतो. हीटर तेवढंच करतो, गोठू देत नाही.

आता काहीजण म्हणतील, "दादा, मुंबईच्या उकाड्यात हीटर कसला?" प्रश्न चुकीचा नाही. दिवसाला दोन स्टूल, चार टाके, मध्ये चहा, असं काम असेल तर हीटरशिवाय चालून जातं. मी स्वतः चालवलेलं आहे. पण धंदा म्हणजे सलग काम. वीस ग्रिलची ऑर्डर आली की मध्ये चहा नसतो. रेग्युलेटर गोठतो तो नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी डिलिव्हरी असते. आणि बाहेर पस्तीस डिग्री असली तरी आतल्या गॅसला त्याचं काही पडलेलं नसतं.

हीटर घेताना व्होल्टेज बघा. काही ३६ व्होल्टचे, काही ११० चे, काही २३० चे असतात. काही मशीनच्या मागे हीटरसाठी वेगळं सॉकेट असतं. त्यावर लिहिलेलं आणि हीटरवर लिहिलेलं जुळलंच पाहिजे. ३६ चा हीटर घरच्या प्लगमध्ये घातला की पहिल्याच दिवशी धूर.

काचनळी का? नुसतं दाबाचं गेज बघून गॅस किती वाहतोय हा अंदाज असतो. नळीतला गोळा थेट लिटर दाखवतो. फक्त नळी सरळ उभी हवी, तिरकी झाली की आकडा चुकतो.

मिश्रण किंवा आर्गॉन वापरणार असाल तर हीटरची गरज नाही. तिथे गॅस द्रव नसतो. काचनळीवाला चांगला आर्गॉन रेग्युलेटर पुरतो. नळीवर आर्गॉनचे आकडे आहेत आणि तुमच्या मिश्रणात थोडा सीओटू आहे, म्हणून घाबरू नका. फरक फार तर पाच टक्क्यांच्या आत असतो.

आणि हो, दोन टप्प्यांचा महागडा रेग्युलेटर कोणी गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आर्गॉनचा दाब सिलिंडर संपत आला की उतरत जातो, तिथे त्याचा थोडा फायदा आहे. सीओटूत आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो. मग त्याचा उपयोग काय? ते पैसे चांगल्या नळीत आणि दोन क्लिपमध्ये घाला.

आता हिशोब. इथे लक्ष द्या

मी आकडे देतो, भाव तुमच्या सप्लायरचा टाका.

१ किलो सीओटूपासून साधारण ५३० लिटर गॅस होतो. म्हणजे ३० किलोच्या सिलिंडरमध्ये अंदाजे १६,००० लिटर.

०.८ मिलिमीटर वायरला गाळ्याच्या आत मिनिटाला १० ते १२ लिटर पुरतात. १२ लिटरने हा सिलिंडर साधारण २२ तास चालतो. हे तास टॉर्चचं बटण दाबलेल्या वेळेचे, दिवसभराचे नाहीत.

आता नळी नसलेला रेग्युलेटर. टाका जरा खराब आला की कारागीर काय करतो? गॅस वाढवतो. नकळत २० वर जातो. तोच सिलिंडर १३ तासांत संपतो. नऊ तासांचा गॅस हवेत! आणि वर मजा बघा, गॅस फार जोरात सोडला की तो भोवऱ्यासारखा फिरून बाहेरची हवा आत ओढतो. म्हणजे जास्त गॅस सोडून भोकं वाढतात. कारागीर अजून वाढवतो. पैसे पण गेले, टाका पण गेला.

दुसरा हिशोब गळतीचा. रेग्युलेटरच्या वायसरमधून किंवा नळीच्या जोडातून मिनिटाला फक्त १ लिटर गळतोय आणि तुम्ही वॉल्व्ह उघडा ठेवून घरी गेलात. रात्रीच्या १२ तासांत ७२० लिटर, म्हणजे जवळपास १.३ किलो. आठवड्याच्या सहा रात्री धरल्या तर ८ किलो. सिलिंडरचा पाव भाग तुम्ही झोपेत संपवला. आणि महिनाअखेरीला म्हणता, "सप्लायर कमी भरतो."

सप्लायरवर आरोप करण्याआधी काटा वापरा. सीओटू किती उरला हे गेज सांगत नाही, कारण द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलत नाही. हलला की समजा, संपतच आला. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. आल्यावर वजन करा, वहीत लिहा. वजनातून रिकाम्याचं वजन वजा केलं की तुमचा गॅस. मी तर म्हणतो, वहीत प्रत्येक सिलिंडरमागे किती ग्रिल निघाल्या ते लिहा. तीन सिलिंडर झाले की तुमचा खरा कॉस्टिंगचा आकडा तुमच्या हातात. कोटेशन देताना मग अंदाजपंचे द्यावं लागत नाही.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या उपनगरात गाळा म्हणजे बऱ्याचदा दहा बाय बारा, वर पोटमाळा, आणि रात्री एक-दोन मुलं तिथेच झोपलेली. साकीनाका असो, कुर्ला असो, भांडुप असो, हे चित्र आपल्याला नवीन नाही. आता गणित करा. दहा बाय बारा बाय दहा फूट म्हणजे अंदाजे ३४,००० लिटर हवा. भरलेल्या ३० किलोच्या सिलिंडरमध्ये १६,००० लिटर सीओटू. तो रात्रीत बंद गाळ्यात सुटला तर? सीओटूला वास नाही, रंग नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो, नेमका तिथे जिथे चटई टाकून माणूस झोपलेला असतो. हवेत दहा टक्के सीओटू झाला तरी माणूस बेशुद्ध पडायला फार वेळ लागत नाही. आर्गॉनही जडच, तोही चुपचाप ऑक्सिजनची जागा घेतो.

त्यामुळे माझ्याकडून हे नियम समजा:

१. काम संपलं की मुख्य वॉल्व्ह बंद. रेग्युलेटरचा स्क्रू सैल करणं म्हणजे बंद करणं नव्हे.

२. ज्या खोलीत सिलिंडर, त्या खोलीत झोपायचं नाही. दुसरा इलाज नसेल तर सिलिंडर रात्री बाहेर, पिंजऱ्यात, साखळीने बांधून.

३. सिलिंडर नेहमी उभा आणि भिंतीला बांधलेला. आडवा सीओटू वापरला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

४. दुपारच्या उन्हात आणि तापलेल्या पत्र्याला टेकून सिलिंडर ठेवायचा नाही.

५. फ्लॅटमध्ये, बाल्कनीत हा उद्योग नको. गावठाणातलं अंगण असेल, स्वतःचा शेड असेल, तर ठीक. "घरून धंदा" म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवावर धंदा नव्हे.

आणि टाक्याचंही तेच. सहाव्या मजल्याच्या ग्रिलला उद्या कोणाचं तरी लेकरू टेकून उभं राहणार आहे. वरून पावडर कोटिंग झालं की भोकं पडलेला टाका दिसत नाही. पण तो तुम्हाला माहीत असतो.

दुकानात काय बघायचं?

रेग्युलेटर हातात घ्या. कोणत्या गॅससाठी आहे ते अंगावर लिहिलेलं हवं. स्क्रू फिरवा, खरखर नको, अडकायला नको. सेफ्टी वॉल्व्ह आहे का बघा. सुटे भाग, म्हणजे वायसर, काचनळी, डायफ्राम मिळतात का विचारा. मिळत नसतील तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय दोनशे कमी" या मोहात वॉरंटी जाते.

गाळ्यावर आणल्यावर स्क्रू पूर्ण सैल करून मगच सिलिंडरचा वॉल्व्ह हळूहळू उघडा. उघडताना गेजच्या समोर तोंड नको, बाजूला उभे राहा. जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर नवीन वायसर, नुसता पान्हा मारून आवळत बसू नका. तेल, ग्रीस अजिबात नाही. मग वॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं काटा बघा. उतरला तर गळती आहे. आणि टॉर्चच्या नोझलवर लावायचा छोटा फ्लो टेस्टर जरूर घ्या. रेग्युलेटर १२ म्हणतोय आणि नोझलला ८ येतायत, असं निघालं तर चोर मधल्या नळीत आहे.

पंखा! शेवटचं पण महत्त्वाचं. एप्रिल-मे मध्ये गाळ्यात पंखा थेट टाक्यावर सोडला तर जगातला सगळ्यात महाग रेग्युलेटरही काही करू शकत नाही. हवा खेळती ठेवा, पण झोत टाक्यावर नको.

माझं म्हणणं थोडक्यात

ज्यांना पीएमईजीपी किंवा आपल्या राज्याच्या सीएमईजीपीतून कर्ज घ्यायचंय त्यांनी कोटेशन घेतानाच मशीनच्या खाली वेगळ्या ओळी लिहायला सांगा: रेग्युलेटर, नळी, सिलिंडरचं डिपॉझिट, फ्लो टेस्टर. "ॲक्सेसरीज" असं एका शब्दात गुंडाळलं की नंतर खिशातून जातं, आणि खिशात नसलं की आपण फुकटच्या रेग्युलेटरवर धंदा सुरू करतो.

मशीनवर दोन हजार वाचवायचे असतील तर खुशाल वाचवा. थोडी कमी अँपिअरची घ्या, ब्रँड साधा घ्या, सेकंडहँड घ्या. पुढे बदलता येते. पण नळावर वाचवू नका.

तो घाटकोपरचा मुलगा आज हीटरवाला रेग्युलेटर वापरतो. जुना त्याने फेकला नाही. भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवलाय. नवीन कारागीर आला की पहिल्या दिवशी तो काढून दाखवतो आणि म्हणतो, "हा बघ. ह्याने मला नऊ ग्रिल परत करायला लावल्या."

तुमचं गिऱ्हाईक कोण, धातू कोणता आणि गॅस कोणता, या तीन ओळी आज रात्री वहीत लिहा. रेग्युलेटर कोणता, ही चौथी ओळ आपोआप लिहिली जाईल. अडलात तर कमेंटमध्ये त्या तीन ओळी टाका, मी उत्तर देतो.

भेटूया पुढच्या भागात. काम करत राहा, हिशोब लिहीत राहा!